दोनशे पन्नासावं माणूस

वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर मी एकतीस वर्षं काम केलं, आणि त्या काळात कुमाऊंच्या डोंगरातल्या निदान चारशे गावांची लोकसंख्या ‘सुमारे अडीचशे’ अशी छापली. दरड कोसळली, बिबट्या आला, पूल वाहून गेला, की बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात गावाची लोकसंख्या लागायची. पान सोडायला दहा मिनिटं उरलेली असताना डोंगर चढून माणसं मोजायला कोणी जात नाही. एकाही गावाकडून कधी खुलासा आला नाही. ज्या गावाला रस्ता नाही तिथं वर्तमानपत्र तिसऱ्या दिवशी पोहोचतं, आणि तेही मिठाच्या पुडीला गुंडाळलेलं.

निवृत्तीनंतर मी माझ्या गावी, सिलखोल्याला परतलो, आणि तिथं मला हा आकडा पहिल्यांदा खरा करून दाखवावा लागला. सुमारे नव्हे, बरोबर अडीचशे. दोनशे एकोणपन्नास चालणार नव्हती.

कारण होतं गोविंदीचा उजवा गुडघा. गोविंदी माझी बायको. सिलखोल्याहून खाली मोटाररस्त्यावरच्या डुंगरीपर्यंत तीन किलोमीटर सहाशे मीटर अंतर आहे, आणि त्यातला सपाट भाग एका देवळाच्या पायरीएवढा. भाद्रपदात तिचा गुडघा इतका सुजला, की तिला डोलीतून न्यावं लागलं. डोली म्हणजे दोन बांबूंना बांधलेली खुर्ची. चौघं खांद्यावर घेऊन चालतात. पुढं सुभेदार दिवानसिंह बोरा. ते सैन्यातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण सैन्य काही त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ते ‘डावा! उजवा! वळणावर छोटं पाऊल!’ असे हुकूम सोडत होते. गोविंदीनं लाजेनं तोंडावर पदर ओढून घेतला होता. वाटेत गवत कापणाऱ्या बायका उभ्या राहिल्या, एकीनं हात जोडून हळूच विचारलं, “कोण गेलं हो?”

पदराआडून गोविंदी म्हणाली, “अजून कोणी नाही. तुमचं गवत होऊ द्या.”

परत आल्यावर तिनं दोन दिवस मौन धरलं आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला. “डॉक्टर म्हणतो, दर आठवड्याला पाय शेकायला या, तर चालायला लागाल. दर आठवड्याला माझी अशी वरात काढायची नाही. चैत्राच्या पूजेपर्यंत बघते. तोवर रस्त्याचं काही दिसलं तर ठीक. नाहीतर मी हल्द्वानीला मुलीकडं जाते.”

“आणि मी?”

“तुम्ही बसा इथं शुद्ध हवा खात.”

शुद्ध हवेबद्दल मी निवृत्तीआधी तिला बरंच ऐकवलं होतं. माणसानं बायकोशी बोलताना विशेषणं जपून वापरावीत.

*

जिल्ह्याच्या ठिकाणी रस्त्यांच्या कचेरीत मी गेलो, तेव्हा माझी समजूत होती की जुना पत्रकार म्हणून मला खुर्ची मिळेल. खुर्ची मिळाली. तिच्यावर फायली होत्या. मी उभ्यानं विषय मांडला. कारकुनानं नियम सांगितला: डोंगरात ज्या वस्तीत अडीचशे माणसं, तिला सरकारी मोटाररस्ता.

“तुमचे कागदावर किती?”

“एकशे ऐंशी. पण तो आकडा जुना आहे.”

“मग अर्ज करा. आमचा अभियंता येऊन डोकी मोजेल. डोकी म्हणजे धडासकट, समोर उभी. एका गावानं आम्हाला मतदारयादी दिली होती. तिच्यातल्या बत्तीस जणांचं वर्षश्राद्धसुद्धा उरकलं होतं.”

मी जरा तात्त्विक झालो. “साहेब, रस्ता नाही म्हणून माणसं गेली, आणि माणसं गेली म्हणून रस्ता मिळत नाही. मग सुरुवात कुठून करायची?”

“अर्जापासून,” तो म्हणाला. एकतीस वर्षांत मला इतकं नेमकं उत्तर कोणी दिलं नव्हतं.

अर्जाच्या तीन प्रती केल्या. एक कचेरीला, एक जिल्हाधिकाऱ्यांना, आणि सुभेदारांच्या आग्रहावरून एक गोलज्यूंना. गोलज्यू हे आमच्याकडचे न्यायदेव; ‘ज्यू’ म्हणजे आमच्या बोलीतलं ‘जी’. त्यांच्या देवळात लोक मुद्रांकावर अर्ज लिहून टांगतात आणि काम झालं की घंटा बांधतात. मजकूर तिन्हीकडं तोच होता. फक्त देवाच्या प्रतीत ‘नियमानुसार’ हा शब्द मी गाळला. अर्ज मिळाल्याची पोच तिघांपैकी फक्त गोलज्यूंच्या पुजाऱ्यानं दिली.

*

मग मी वही घेऊन घरोघर फिरायला लागलो. गावातली माणसं मोजणं हे पानावरच्या ओळी मोजण्यासारखं असेल, असं मला वाटलं होतं. ओळी निदान विचारत नाहीत, की माझ्याआधी शेजारच्या ओळीला का मोजलंत.

प्रत्येक घरात सल्ला होता. सुभेदारांचं म्हणणं, सकाळी सहाला हजेरी घ्या, जो गैरहजर तो पळपुटा. पोस्टमनचं म्हणणं, ज्याच्या नावानं पत्र येतं तो रहिवासी. या हिशेबानं गावात चौदाच माणसं निघाली आणि त्यातली तीन दिवंगत. एका घरात सैन्यातला मुलगा वर्षातून दोन महिने रजेवर यायचा. त्याचा बाप म्हणाला, “एक षष्ठांश तरी धरा, पंडितज्यू. नाक आणि मिशा धरल्या तरी चालेल.”

गाव पेटलं ते मात्र खरं. ज्या घरात सून यायची होती, त्यांनी लग्नाचा मुहूर्त अलीकडं ओढला. ज्या घरातून मुलगी जायची होती, त्यांनी तो पुढं ढकलला. नव्वदी ओलांडलेल्या दोन आज्या होत्या. त्यांची तब्येत विचारायला रोज माणसं जाऊ लागली. कोणी तूप नेलं, कोणी मध. एक आजी मला म्हणाली, “पोरा, मला खरं सांग. मला काय झालंय, जे सगळ्यांना माहीत आहे आणि मला नाही?”

एवढं करून बेरीज आली दोनशे आठ.

पंचायतीच्या पडवीत बैठक भरली. आमच्या सरपंच भागुलीदेवी सहसा बोलत नाहीत, कारण त्यांच्या वतीनं त्यांचे यजमान बोलतात. त्या दिवशी यजमानांना ठसका लागला आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं, “ओहोळापलीकडचे धरले का?”

माझ्या वहीत ओहोळापलीकडची वाडी नव्हती. विसरलो म्हणावं, तर रोज सकाळी पलीकडच्या ऐरणीच्या आवाजानं मला जाग येत होती. लग्नाला ढोल लागला, कोयत्याला धार लागली, नांगराचा फाळ मोडला, की पलीकडं हाक जायची. गाव म्हणताना मात्र आमच्या घरांत ओहोळाच्या अलीकडचंच गाव मोजायची रीत होती. बापानं मोजलं नाही, आजोबानं मोजलं नाही, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका लाल पेनानं खोडणाऱ्या मीही मोजलं नाही. याला चूक म्हणतात की आणखी काही, हे मी त्या वेळी ठरवलं नाही. वही घेतली आणि ओहोळ ओलांडला.

जोगाराम भात्यापाशी होता. वय माझ्याएवढं, लोहारकाम त्याचं आणि देवाच्या पूजेतला ढोलही त्याचाच. मी विषय काढला. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे पंडितज्यू, सिलखोल्यात आम्ही राहतो.”

“राहता म्हणजे, राहताच की.”

“नाही, मला ठाऊक होतं. तुम्हाला कधी कळलं, ते विचारतो.”

मी वहीत बघितलं. वहीत बघण्यासारखं काही नव्हतं.

“आमची एकोणचाळीस डोकी आहेत,” तो म्हणाला. “एकही कमी सांगणार नाही, एकही जास्त नाही. पण रस्ता येईल तो आमच्या अंगणापर्यंत येईल. तिथून पुढं न्यायचा की नाही, ते तुम्ही आणि सरकार बघा. आधी तुमच्या दारात आणि मग उरला तर आमच्याकडं, असं नको.”

“वाट तशीही तुमच्याच बाजूनं वर येते.”

“तेच. डोंगराला ते आधीपासून माहीत आहे.”

दोनशे सत्तेचाळीस. उरलेली तीन माणसं देवानं पाठवावीत तशी सापडली. वरच्या बंद घरांपैकी एकात नेपाळातून आलेला दगडफोड्या धनबहादूर बायको आणि तान्ह्या मुलीसह दोन वर्षं राहत होता. परदेशी माणूस धरायचा का, यावर दोन तास चर्चा झाली. शेवटी सुभेदार म्हणाले, “पलटणीत माझ्या शेजारी झोपायचा तो नेपाळचाच होता. घोरायचा मात्र इथल्यासारखाच.” विषय संपला. दोनशे पन्नास.

मी घरी आलो आणि वही गोविंदीपुढं धरली. तिनं चष्मा लावला, माझ्या नावाखालचं तिचं नाव शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं.

“हे खोडा.”

“का?”

“मी जाणार आहे. जाणाऱ्या माणसाला राहणारं म्हणून दाखवायचं, याला खोटं म्हणतात. रस्ता आला तर मी राहीन. मग धरा मला.”

“अगं, तुला धरलं नाही तर दोनशे एकोणपन्नास होतात. मग रस्ताच येणार नाही.”

“हे तुम्ही कचेरीत सांगा. मी काही नियम केलेला नाही.”

मी तिला पुष्कळ समजावलं. आम्ही बहुतेक तीच कोंडी घोळवत होतो, जी मी कारकुनासमोर मोठ्या आवाजात मांडली होती. फरक इतकाच, की ती आता माझ्या चुलीपाशी येऊन बसली होती आणि तिच्यापुढं अर्ज चालत नव्हता.

*

माघात पत्र आलं. कनिष्ठ अभियंता श्री. रस्तोगी फाल्गुनात पाहणीला येतील. खाली एक ओळ हातानं लिहिलेली होती: साहेबांना दम्याचा त्रास असल्यानं चढण शक्य नाही, गावापर्यंत वाहनाची सोय न झाल्यास मोजणी उपलब्ध नोंदींवरून होईल.

उपलब्ध नोंद म्हणजे एकशे ऐंशी.

पुन्हा पडवीत बैठक. कोणी म्हणालं डोली पाठवू, कोणी म्हणालं खेचर. चौकशी केल्यावर कळलं, साहेबांचं वजन एकशे दहा आहे आणि त्यांना खेचराची भीती वाटते. खेचराला विचारलं असतं, तर भीती दोन्हीकडून निघाली असती. मग जोगाराम म्हणाला, “जुनी खेचरवाट इंग्रजांच्या काळची आहे. बहुतेक ठिकाणी जीपेएवढी आहे. सतरा ठिकाणी अरुंद आहे. मी मोजलंय.”

हा माणूस सगळं मोजून ठेवतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

बावीस दिवस अख्खं गाव वाटेवर होतं. पलीकडच्या वाडीच्या पहारी, अलीकडच्या टोपल्या, धनबहादूरचा घण आणि सुभेदारांची शिट्टी. बायका मडुव्याच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकऱ्या आणि भांगेच्या बियांची चटणी घेऊन यायच्या. मी हजेरी मांडायचो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी माझ्या हातातली वही काढून टोपली दिली, आणि तिसऱ्या दिवसापासून मला झोपताना कुशीवर वळायला गोविंदीची मदत लागू लागली. ती कण्हणं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “आता कळलं, सांधे म्हणजे काय?”

ठरलेल्या दिवशी अकराच्या सुमाराला पाहुण्या साहेबांची जीप घरघरत वर आली आणि जोगारामच्या अंगणापाशी थांबली. सिलखोल्याच्या मातीला चाक लागायची ती पहिली वेळ. आज्यांनी चाकांना हळदकुंकू लावलं. सुभेदारांनी सलामी दिली. मी, खोटं कशाला बोलू, डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणालो.

रस्तोगी सज्जन गृहस्थ होते. घाम पुसत खुर्चीवर बसले, ताक प्यायले आणि म्हणाले, “चला, मोजू या. मी या खुर्चीवरून उठणार नाही, त्यामुळं तुम्हीच माझ्यासमोरून जा.”

अलीकडचं गाव ओहोळ उतरून पलीकडं आलं. त्यातले कितीतरी जण त्या अंगणात जन्मात पहिल्यांदा उभे होते. सुभेदारांनी रांग लावली. वयानुसार, मग उंचीनुसार, मग साहेब वैतागल्यावर जशी उभी होती तशी. साहेब प्रत्येकाला पेन्सिलीनं हवेत टोचत पुढं सरकवत होते. धनबहादूरच्या मुलीला टोचलं तेव्हा ती हसली. “दोनशे एकोणपन्नास,” साहेब म्हणाले. “आणखी कोण?”

सगळी रांग माझ्याकडं वळली.

“माझी पत्नी आहे,” मी म्हणालो. “घरी आहे. गुडघा दुखतो.”

“मग त्यात काय? धरतो मी. फक्त एवढं सांगा, त्या इथंच राहतात ना? कायमच्या?”

प्रश्न सोपा होता. एकतीस वर्षं मी याहून मोठे आकडे डोळे मिटून सोडले होते. पण समोर जोगाराम उभा होता, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही म्हणणारा. आणि घरी ती होती, जिनं बोट ठेवून ‘खोडा’ म्हटलं होतं.

“विचारून सांगतो,” मी म्हणालो.

साहेबांनी मान वर केली. “तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?”

“अडतीस.”

“आणि अजून विचारावं लागतं?”

रांगेतून हसण्याची लाट गेली. सुभेदारांनी कपाळाला हात लावला. माझ्या प्रतिष्ठेची जी काही शिल्लक राहिली होती, ती त्या अंगणात सर्वांसमक्ष गेली. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, “ते बघा.”

ओहोळाच्या आमच्या बाजूच्या पायऱ्यांवर गोविंदी दिसत होती. एका हातात काठी, दुसरा हात दगडी कठड्यावर. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. मी धावणार होतो, पण जोगारामची बायको जसुली म्हणाली, “राहू द्या. त्यांना यायचं असेल तशा येतील.” अंतर दोनशे पावलांचं. त्याला पंचवीस मिनिटं लागली. अडीचशेला एक कमी, एवढी माणसं तेवढा वेळ एका बाईचं चालणं बघत उभी होती. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली होती.

गोविंदी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “कायमचं मला विचारू नका. ते मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही सांगू शकत नाही. आज या गावात दोनशे पन्नास माणसं आहेत. आजचं लिहा.”

“दोनशे पन्नास,” रस्तोगींनी लिहिलं. ढोल वाजला. आज्यांनी अक्षता टाकल्या. सुभेदारांनी धनबहादूरला मिठी मारली.

त्या गलक्यात साहेब फॉर्मची पुढची ओळ मोठ्यानं वाचत होते. “पाहणी अधिकारी गावात कसा पोहोचला...” आणि स्वतःशीच बोलत त्यांनी लिहिलं, “जीपनं.” मग त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी फॉर्म जवळ धरला, लांब धरला.

“पंडितजी,” ते म्हणाले, “ही अडचण झाली.”

“काय?”

“खाली सूचना आहे. अधिकारी वाहनानं पोहोचल्यास वस्ती रस्त्यानं जोडलेली समजावी आणि प्रस्ताव बंद करावा.”

ढोल थांबायला थोडा वेळ लागला. वाईट बातमी ढोलकऱ्यापर्यंत शेवटी पोहोचते.

“पण साहेब, हा रस्ता आम्ही तुमच्यासाठी केला!”

“म्हणूनच मी त्यावरून आलो. आता काय लिहू, आकाशातून पडलो?”

मी म्हणालो, “मग असं करा. खाली डुंगरीला जा आणि चालत या. आम्ही थांबतो.”

साहेबांनी मागं वळून चढण बघितली. “एवढी चढण? माणूस मरेल की!”

“अर्जात दुसऱ्या परिच्छेदात तेच लिहिलंय.”

त्यांना खरंच वाईट वाटलं. जाताना त्यांनी गोविंदीला हात जोडले, आमच्या दगडी बांधाची तारीफ केली आणि सांगितलं, की असं काम सरकारी ठेकेदारानं केलं असतं तर पहिल्या पावसात गेलं असतं. ही तारीफ कागदावर आली असती, तर आम्ही आणखी खोलात गेलो असतो.

*

तीन दिवस गावात कोणी कोणाशी धड बोललं नाही. चौथ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी सुभेदार शिट्टी गळ्यात अडकवून वाटेच्या तोंडाशी उभे राहिले. त्यांचा बेत तयार होता. रस्ता बावीस दिवसांत बांधला, तो दोन दिवसांत मोडायचा. मग पुन्हा अर्ज, पुन्हा पाहणी, आणि या वेळी साहेबांना डोलीतून आणायचं, आठ माणसं लागली तरी.

“खरा रस्ता पाहिजे असेल तर हा खोटा गेला पाहिजे,” ते म्हणाले. निम्मं गाव त्यांच्या बाजूला होतं. मीही होतो, हे कबूल करतो. कागदाच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर होतं.

जोगाराम पहार घेऊन वाटेत बसला होता. “मोडा. पण सुरुवात माझ्यापासून करा. या बांधातला तिसरा दगड ठेवताना माझं बोट चेचलंय. तो दगड उचलायचा असेल तर मला आधी उचला.”

“अरे जोगा, आपल्या सगळ्यांच्या भल्याचं आहे!”

“सुभेदारज्यू, भल्याची वाट बघून माझ्या आईला डोलीतच मरण आलं. हा वाईट रस्ता माझ्या दारात आहे. तो चांगला मी बघितलेला नाही.”

आवाज चढले. कोणी नियम सांगितला, कोणी देवाची शपथ घातली. मी दोन्ही बाजूंचं संतुलित निवेदन करण्याच्या प्रयत्नात असताना वळणावरून हॉर्न वाजला. डुंगरीवर भाड्याची जीप चालवणारा नंदन वर येत होता. साहेब वर जाऊन आले, हे त्याला चहाच्या टपरीवर कळलं होतं. टपरीवर जे कळतं ते कचेरीत कळायला वर्ष लागतं. त्यानं गाडी वळवली, डोकं बाहेर काढलं आणि अख्ख्या भांडणाच्या वर आवाज चढवून ओरडला, “डुंगरी, बाजार, दवाखाना! संध्याकाळी परत! बसायचंय का भांडायचंय?”

गर्दी दुभंगली. गोविंदी काठी टेकत येत होती. तिच्या हातात कापडी पिशवी होती. तिनं सुभेदारांना बाजूला व्हायला सांगितलं, ते झाले. नंदनच्या शेजारची पुढची जागा धरून ती बसली आणि पदर सारखा केला. माझ्याकडं बघितलंही नाही. तिच्या मागं दहा जण चढले. दोघांच्या हातात पत्र्याच्या ट्रंका होत्या. गाडी गेली. सुभेदारांनी शिट्टी खिशात टाकली. चालू गाडीखालचा रस्ता मोडायचा कसा, हे सैन्यात शिकवलेलं नसावं.

तो दिवस मी कसा काढला, ते सांगण्यासारखं नाही. दुपारी कपाट उघडून बघितलं, हे तर अजिबातच नाही. तिची जाड शाल जागेवर नव्हती. फाल्गुनात दवाखान्यात जायला जाड शाल लागते का, यावर मी बराच विचार केला. दोन्ही बाजूंनी मुद्दे निघाले. चैत्राच्या पूजेला अजून सतरा दिवस होते. पण तिनं ‘पूजेपर्यंत बघते’ म्हटलं होतं, ‘पूजेपर्यंत थांबते’ म्हटलं नव्हतं. आणि बघायचं ते साहेबांच्या फॉर्मवर तिनं बघितलंच होतं.

ऊन उतरल्यावर मी ओहोळ ओलांडून वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. जीप आली. सवयीनं मी मोजायला लागलो. सकाळी अकरा गेले होते. एक उतरला, दुसरा, तिसरा, चौथी सरपंचबाईंची जाऊ, पाचवा, सहावा. ट्रंकावाले दोघं नव्हते. खालच्या घरातलं नवरा-बायकोचं जोडपंही नव्हतं. ते मुलाकडं दिल्लीला गेलं, असं कोणीतरी म्हणालं. रस्ता येतो तो माणसं आणायला, असं आम्ही अर्जात तीन प्रतींत लिहिलं होतं. नेण्याबद्दल काही लिहिलं नव्हतं.

मग पुढचं दार उघडलं. गोविंदीनं काठी खाली दिली, मग पाय दिला आणि जमिनीवर उभी राहिली. ओहोळ, कठडा, वर चढणाऱ्या पायऱ्या, शेवटी आमचं घर, सगळ्यावरून तिनं एकदा नजर फिरवली, आणि सरळ जोगारामच्या अंगणात जाऊन ओट्यावर बसली.

“जसुली,” तिनं हाक मारली, “चहा टाक.”

जसुली दारात थबकली. आमच्या घरातल्या बाईनं त्या अंगणात पाणी घेतल्याचं माझ्या आईच्या काळात घडलं नव्हतं, आजीच्या काळातही नाही. जसुलीनं माझ्याकडं बघितलं, जोगारामकडं बघितलं. मग आत गेली. बऱ्याच वेळानं स्टीलचा ग्लास घेऊन आली, पण तो देईना, खाली ठेवायला जागा शोधू लागली.

“हात किती वेळ पुढं धरून ठेवू?” गोविंदी म्हणाली. “गुडघा गेलाय, आता खांदाही जायचा.”

ग्लास तिच्या हातात गेला. आमच्याकडच्या रीतीप्रमाणं चहा बिनसाखरेचा, आणि तळहातावर गुळाचा खडा. तिनं गूळ दातानं तोडला, घोट घेतला, डोळे मिटले. मी अंगणाच्या कडेला उभा होतो. जोगारामनं एक पाट पायानंच माझ्याकडं सरकवला.

“पंडितज्यू, बसताय की मोजताय?”

मी बसलो. जसुलीनं दुसरा ग्लास आणला. माझ्या हातात देताना तिचा हात मघाइतका अडखळला नाही.

गोविंदीनं पाय लांब केला आणि गुडघ्यावर जाड शाल पांघरली.

“डॉक्टरनं दहा मंगळवार सांगितलेत,” ती मला नव्हे, जसुलीला म्हणाली. “एक झाला. पुढच्या मंगळवारी गूळ जरा मोठा दे.”